खुनी कोण? अनुत्तरित शेवट आणि टीव्हीचा प्रेक्षक

खुनाची रहस्यकथा सुरू होताना प्रेत सापडते आणि त्याबरोबर वाचकाला एक न लिहिलेला शब्दही दिला जातो: खून कोणी केला, कसा केला आणि का केला, हे शेवटी कळेल. इतर कथाप्रकारांना शेवट मोघम ठेवण्याची मुभा असते. प्रेमकथेतले दोघे एकत्र आले की नाही, हे लेखकाने सांगितले नाही तरी चालते. रहस्यकथेचा सारा डोलारा मात्र एकाच प्रश्नावर उभा असतो. त्यामुळे उत्तर न देताच टीव्हीवरची खुनाची मालिका संपली, तर प्रेक्षकाला ती अपुरी वाटतेच, शिवाय आपली फसवणूक झाल्यासारखेही वाटते.

हा शब्द पाळण्याचे नियम पुस्तकांच्या जगात फार पूर्वीच ठरले. इंग्रज लेखक रोनाल्ड नॉक्स यांनी 1929 मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले. गुप्तहेराला सापडलेला प्रत्येक धागा वाचकासमोरही ठेवला पाहिजे, हा त्यांतला एक महत्त्वाचा नियम. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये स्थापन झालेल्या ‘डिटेक्शन क्लब’मध्ये अगाथा ख्रिस्तींसारखे लेखक होते आणि वाचकाशी सचोटीने वागण्याची शपथ सदस्यांकडून घेतली जात असे. टीव्हीनेही हा खेळ उचलला. 1975 मध्ये अमेरिकेत आलेल्या ‘एलरी क्वीन’ या मालिकेत उकल होण्याआधी नायक थेट कॅमेऱ्याकडे वळून, सगळे धागे तुमच्यासमोर आले आहेत, आता तुम्हीच ओळखा, असे प्रेक्षकांना सांगत असे. पुढच्या काही मिनिटांत उत्तर मिळे.

भारतातल्या बहुतेक गुन्हेमालिकाही याच वाटेने गेल्या. दूरदर्शनवरची ‘करमचंद’ (1985), शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या कथांवरून बासू चटर्जी यांनी केलेली ‘व्योमकेश बक्शी’ (1993) किंवा 1998 मध्ये सुरू होऊन वीस वर्षे चाललेली ‘सीआयडी’ या मालिकांत प्रकरण सहसा एका-दोन भागांत निकाली निघे. शिवाजी साटम यांचा एसीपी प्रद्युम्न हाताची बोटे फिरवत विचारात पडला, की गुन्हेगार सापडणार याची प्रेक्षकाला खात्री असे.

खरी अडचण सुरू झाली ती एकच खून अनेक भागांवर पसरला तेव्हा. पुस्तक छापून येते तेव्हा ते पूर्ण झालेले असते. मालिकेचे तसे नसते. अमेरिकन वाहिन्यांच्या जुन्या पद्धतीत पुढचे पर्व मिळणार की नाही, हे अनेकदा चालू पर्वाचे चित्रीकरण आटोपल्यावर ठरे. लेखकाला शेवट आखायचा असला तरी तो कोणत्या भागात येणार, हे त्याच्या हाती नसे. वाहिनीला प्रेक्षक पुढच्या वर्षी परत हवा असतो आणि त्यासाठीचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे प्रश्न लटकत ठेवणे.

उत्तराची भूक किती मोठी असते, हे ‘द फ्युजिटिव्ह’ या अमेरिकन मालिकेने दाखवले. पत्नीच्या खुनाचा खोटा आरोप असलेला डॉ. रिचर्ड किंबल आणि खरा खुनी असलेला एका हाताचा माणूस यांचा पाठलाग 1963 पासून चार वर्षे, 120 भाग चालला. तोवर टीव्हीवरच्या मालिका बहुधा कुठलाच शेवट न करता नुसत्या बंद होत. या मालिकेचा मात्र ठरवून शेवट केला गेला. 29 ऑगस्ट 1967 रोजी दाखवलेला अखेरचा भाग अमेरिकेत सुमारे 7 कोटी 80 लाख लोकांनी पाहिला.

लांबलेले उत्तरही प्रेक्षक सहन करतो, याचा पुरावा ‘डॅलस’ मालिकेने दिला. 21 मार्च 1980 च्या भागात जे. आर. युइंग या खलनायकी तेलसम्राटावर कोणीतरी गोळ्या झाडल्या आणि पर्व संपले. अभिनेत्यांच्या संपामुळे पुढचे पर्व लांबले. आठ महिने जगभर एकच प्रश्न चघळला गेला. ब्रिटनमध्ये त्यावर पैजा लागल्या. गुपित फुटू नये म्हणून वेगवेगळे कलाकार गोळी झाडत असल्याची दृश्ये चित्रित करून ठेवण्यात आली होती. अखेर 21 नोव्हेंबरला उत्तर मिळाले, तेव्हा अमेरिकेत 8 कोटींहून अधिक प्रेक्षक टीव्हीसमोर होते. इथे कोणी रुसले नाही, याचे कारण साधे होते. जे. आर.वरचा हल्ला हे पर्वाच्या शेवटी उभे राहिलेले नवे कोडे होते. आधीच्या भागांनी ज्याचे उत्तर कबूल केले होते, असे काही अडवून ठेवलेले नव्हते.

‘द किलिंग’ या मालिकेत मात्र नेमके असेच उत्तर अडवून ठेवले गेले. एएमसी या अमेरिकन वाहिनीवर एप्रिल 2011 मध्ये ती सुरू झाली. सिॲटल शहरात सतरा वर्षांच्या रोझी लार्सनचे प्रेत तळ्यात बुडालेल्या मोटारीच्या डिकीत सापडते. सारा लिंडन आणि स्टीफन होल्डर हे दोन पोलीस तपास करतात, आणि प्रत्येक भाग तपासाचा साधारण एक दिवस दाखवतो. रोझी लार्सनला कोणी मारले, हाच प्रश्न जाहिरातींतून प्रेक्षकांसमोर होता. तेरा भाग, म्हणजे दहा-एक तास, प्रेक्षक संशयितांमागून फिरत राहिले. एकामागून एक संशयित निर्दोष ठरत गेले.

19 जूनच्या तेराव्या भागात महापौरपदाचा उमेदवार डॅरन रिचमंड याला अटक होते. शहर सोडायला निघालेली लिंडन विमानात बसलेली असताना तिला कळते, की त्याच्याविरुद्धचा छायाचित्राचा पुरावा बनावट आहे. पुरावा तिच्याच सहकाऱ्याने उभा केलेला असतो. लार्सन कुटुंबाच्या जवळचा एक तरुण पिस्तूल घेऊन रिचमंडकडे सरकतो आणि पर्व संपते. खुनी अज्ञातच राहतो. समीक्षक आणि प्रेक्षक दोघेही खवळले. निर्मात्या वीणा सूद यांची बाजू अशी होती, की पहिल्याच पर्वात उत्तर देण्याचे त्यांनी कधी कबूल केले नव्हते. ते शब्दशः खरे असले तरी, एक प्रश्न, तेरा भाग आणि दिवसागणिक तपास या मांडणीतून प्रेक्षकाने वेगळाच अर्थ काढला होता. अपेक्षा नीट हाताळल्या गेल्या नाहीत, हे वाहिनीने पुढे मान्य केले आणि दुसऱ्या पर्वाच्या शेवटी उत्तर मिळेल असे आधीच सांगून टाकले. जून 2012 मध्ये ते मिळालेही, पण तोवर बरेच प्रेक्षक निघून गेले होते. त्याच वर्षी वाहिनीने मालिका बंद केली. नंतर ती दोनदा पुन्हा उभी राहिली आणि 2014 मध्ये नेटफ्लिक्सवरच्या सहा भागांनी संपली.

या प्रकरणातला विरोधाभास मूळ मालिकेत सापडतो. ‘द किलिंग’ ही ‘फोरब्रुडेल्सेन’ या डॅनिश मालिकेवर बेतलेली होती. सोरेन स्वाइस्ट्रुप यांनी लिहिलेल्या त्या मालिकेत एका खुनाचा तपास वीस दिवस आणि वीस भाग चालतो. डेन्मार्कच्या सरकारी वाहिनीने 2007 मध्ये पहिले दहा भाग वर्षाच्या सुरुवातीला आणि उरलेले दहा शरद ऋतूत दाखवले. म्हणजे डॅनिश प्रेक्षकही महिनोन्‌महिने ताटकळले. पण ती एकाच कथेतली मध्यांतराची सुट्टी होती आणि उत्तर त्याच वर्षी मिळाले. अमेरिकेतही तपास सव्वीस भाग चालला, म्हणजे डॅनिश मालिकेपेक्षा फार लांबला नाही. फरक पडला तो पर्वाचा शेवट हाच कथेचा शेवट असे भासल्यामुळे.

उत्तर देऊनही प्रश्न सुटतोच असे नाही, हे ‘ट्विन पीक्स’ने आधीच दाखवून दिले होते. डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट यांची ही मालिका एप्रिल 1990 मध्ये एबीसी वाहिनीवर आली. लाकूडतोडीवर जगणाऱ्या छोट्या गावात लॉरा पामर या मुलीचा खून होतो आणि एफबीआयचा डेल कूपर तपासाला येतो. लिंच यांना खुन्याचे नाव कधीच सांगायचे नव्हते. त्यांच्या दृष्टीने लॉराचा खून ही गावातल्या असंख्य कथांपर्यंत जाण्याची वाट होती. पहिले पर्व मे महिन्यात उत्तराविना संपले, तक्रारी वाढल्या आणि वाहिनीच्या दबावामुळे त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये खुन्याचा चेहरा दाखवावा लागला. कोडे सुटले तसे मालिका पाहण्याचे मुख्य कारणही सरले. प्रेक्षक गळत गेले आणि जून 1991 मध्ये मालिका बंद पडली, तीही नायकाला भयंकर अवस्थेत सोडून. पुढचे पर्व यायला 2017 साल उजाडले. युरोपात विकण्यासाठी पहिल्या भागाला एक वेगळा, बंदिस्त शेवट जोडून ठेवला होता, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. मालिका पुढे गेली नाही, तर तो भाग स्वतंत्र चित्रपट म्हणून खपवता यावा, ही त्यामागची व्यापारी सोय होती.

याच्या उलट, उत्तर न देताही मान मिळवणारे उदाहरण ‘होमिसाइड: लाइफ ऑन द स्ट्रीट’चे. बाल्टिमोरच्या पोलिसांवर डेव्हिड सायमन या पत्रकाराने लिहिलेल्या पुस्तकावर ती आधारलेली होती. पुस्तकात 1988 मधल्या एका लहान मुलीच्या खुनाचा तपास आहे आणि तो खून कधीच उलगडला नाही. मालिकेतही अडीना वॉटसन या मुलीच्या खुनाचा छडा लागत नाही. 1993 मधल्या एका भागात दोन पोलीस आणि एक संशयित जवळजवळ पूर्ण वेळ चौकशीच्या खोलीत आहेत. शेवटी संशयित सुटतो आणि तो खुनी होता की नाही, याबद्दल दोघा पोलिसांचेही एकमत होत नाही. या भागाच्या लेखनासाठी टॉम फोंटाना यांना एमी पुरस्कार मिळाला. पोलिसांचे काम कसे असते आणि त्यात अपयश कसे पचवावे लागते, हा या मालिकेचा विषयच होता. न सुटलेला खून त्या विषयातूनच आला होता, त्यामुळे तो शेवट लादलेला वाटला नाही.

प्रेक्षकाच्या चिडीमागे मनाची घडणही आहे. मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगारनिक यांनी 1927 मध्ये मांडलेल्या निरीक्षणानुसार पूर्ण झालेल्या कामापेक्षा अर्धवट राहिलेले काम अधिक लक्षात राहते. नंतरच्या प्रयोगांत हा परिणाम दर वेळी तितकाच ठळक दिसलेला नाही. अर्थतज्ज्ञ जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी 1994 मध्ये कुतूहलाची उपपत्ती मांडली. आपल्याला माहीत असलेले आणि माहीत करून घ्यायचे असलेले यांतली दरी जाणवली की माणूस अस्वस्थ होतो, असे ती सांगते. रहस्यमालिका ही दरी मुद्दाम रुंदावत नेते. शिवाय संदिग्धता सहन करण्याची ताकद प्रत्येकाची वेगळी असते. पक्क्या उत्तराची गरज काहींना जास्त, काहींना कमी असते, हे मानसशास्त्रज्ञ आरी क्रुग्लान्स्की यांच्या संशोधनाचे सूत्र आहे. म्हणून एकच शेवट एका घरात वाखाणला जातो आणि शेजारच्या घरात शिव्या खातो.

त्यात कष्टांचाही हिशेब असतो. प्रेक्षक नावे, वेळा, कोणाचे कोणाशी बिनसले होते हे सारे लक्षात ठेवतो, अंदाज बांधतो, घरच्यांशी वाद घालतो. शेवटी त्याला आपला अंदाज पडताळून पाहायचा असतो. उत्तर आले नाही, तर ही सगळी मेहनत वाया गेल्यासारखी वाटते. अंदाज चुकला तरी तो हसतो. अंदाज बरोबर होता की चूक, हेच कळले नाही, की मात्र चिडतो.

न्याय न होणे ही आणखी वेगळी गोष्ट. ब्रिटनच्या ‘ब्रॉडचर्च’ने 2013 मध्ये आठ भागांत एका मुलाच्या खुनाचा छडा लावला आणि खुन्याचा कबुलीजबाबही दाखवला. 2015 च्या दुसऱ्या पर्वात तोच आरोपी न्यायालयात गुन्हा नाकारतो आणि निर्दोष सुटतो. प्रेक्षकाला हळहळ वाटते, पण खुनी कोण हे त्याला ठाऊक असते. शिक्षेविना संपलेली कथा तो स्वीकारू शकतो. उत्तराविना संपलेली कथा स्वीकारणे त्याला जास्त जड जाते.

उत्तर आधीच माहीत असले तरी मालिका चालू शकते, हेही मराठी प्रेक्षकांनी पाहिले आहे. झी मराठीवर 2016 मध्ये आलेली ‘रात्रीस खेळ चाले’ अण्णा नाईकांच्या मृत्यूपासून सुरू झाली. 2019 मधले दुसरे पर्व काळात मागे जाऊन अण्णांच्या हयातीतले दिवस दाखवू लागले. अण्णा आणि त्यांची प्रेयसी शेवंता यांच्या गोष्टीचा शेवट कुठे जाणार, हे ठाऊक असूनही लोकांनी ते आवडीने पाहिले, कारण त्या पर्वाने उत्सुकता शेवटाबद्दल नव्हे, तर तिथवरच्या वाटेबद्दल जागवली होती.

गेल्या दशकभरात निर्मात्यांनी यातून काही धडे घेतलेले दिसतात. मोजक्या भागांची, एका खुनाला वाहिलेली आणि शेवट आधीच लिहून ठेवलेली मालिका आता रुळली आहे. 2021 मधली सात भागांची ‘मेअर ऑफ ईस्टटाउन’ त्याच प्रकारातली. ‘ट्रू डिटेक्टिव्ह’सारख्या मालिकांत प्रत्येक पर्वाचा गुन्हा आणि पात्रे नवी असतात, त्यामुळे पुढच्या पर्वासाठी जुने उत्तर अडवून ठेवावे लागत नाही. अनेक पर्वे चालणाऱ्या मालिकाही आता वर्षाचे मुख्य प्रकरण त्याच वर्षी मिटवतात आणि लटकता प्रश्न एखाद्या दुय्यम धाग्यापुरता ठेवतात.

ज्यांच्याकडे उत्तरच नाही, अशा कार्यक्रमांनी तर हे सुरुवातीलाच सांगून टाकण्याची रीत पाडली आहे. अमेरिकेत 1987 मध्ये एनबीसीवर सुरू झालेला ‘अनसॉल्व्ह्ड मिस्टरीज’ हा त्यांतला सर्वांत गाजलेला. प्रकरण सुटलेले नाही, हे नावातच स्पष्ट होते, आणि काही माहिती असल्यास कळवा असे आवाहन निवेदक रॉबर्ट स्टॅक प्रेक्षकांना करीत. आलेल्या माहितीमुळे काही फरार आरोपी खरोखर पकडले गेले. या कार्यक्रमानेही बहुतेक भागांत खुनी दाखवला नाही. तरीही प्रेक्षकांनी तो वर्षानुवर्षे पाहिला, कारण उत्तर देण्याचे त्याने कबूलच केले नव्हते.