ट्रॅक्टर धुताना रंग सांभाळा

गळीत हंगाम संपला की ऊस ओढून थकलेले ट्रॅक्टर धुवायला निघतात. एका वस्तीवर आम्ही पाहिले, वाळलेला चिखल काथ्याने खरडणे चालले होते. चिखल निघाला, पण बॉनेटवर रेघाही उठल्या. मातीतली वाळू म्हणजे रंगाला कानसच. रंग गेला की पत्रा उघडा पडतो आणि मग गंज धरतो.

म्हणून आधी माती पाण्याने चिंब भिजवावी, १० मिनिटे थांबावे, मग पाण्याच्या धारेने ती सोडवावी. इंजिन गरम असताना किंवा भर उन्हात धुऊ नये. पाणी जागीच वाळते आणि बोअरच्या क्षारांचे पांढरे डाग बसतात.

कपड्यांची पावडर, सोडा नको. गाडीचा सौम्य शांपू घ्यावा. आम्ही आमच्या मोटारसायकलची टाकी पावडरीनेच निस्तेज केली, म्हणून सांगतो! बादल्या दोन ठेवाव्यात: एकीत शांपूचे पाणी, दुसरीत फडके खळबळायला साधे पाणी. वरून खाली धूत यावे, चाकांचे फडके वेगळे ठेवावे. शेवटी मऊ सुती कापडाने टिपून घ्यावे.

खत वाहिले, तर मात्र त्याच दिवशी धुवावे. म्युरेट ऑफ पोटॅशमधले क्लोराईड मिठासारखेच पत्रा खाते. रंगाचा टवका उडाला असेल, तर तिथे लगेच रंग लावावा.

ट्रॅक्टर ओढ्यात घालू नये. तेच पाणी आपली जनावरे पितात.

कर्जाचे हप्ते फिटायच्या आधी पत्र्याला गंज चढू नये, एवढेच आमचे सांगणे.

– ऊस विकास अधिकारी