पोर्शे ९११ ची ती पाच पाकळ्यांची चाकं आज नव्याने बनवून घ्यायची असतील तर?

जुन्या पोर्शे ९११ चा फोटो फीडवर आला की नजर आधी चाकांवर जाते. मध्ये काळा रंग आणि त्यावर चंदेरी, फुगीर अशा पाच पाकळ्या. या चाकाला जगभर 'फुक्स' म्हणतात. जर्मन भाषेत फुक्स म्हणजे कोल्हा, पण इथे कोल्ह्याचा काही संबंध नाही. हे कारखान्याच्या मालकांचं आडनाव.

१९६६ साली पोर्शेने ९११ एस हे मॉडेल आणलं, तेव्हा त्यावर हे चाक पहिल्यांदा आलं. आकार दिला पोर्शेच्या स्टुडिओतल्या हाइनरिश क्ली यांनी आणि बनवलं माइनर्ट्सहागेन गावच्या ओट्टो फुक्स कंपनीने. पुढे १९८९ पर्यंत या ना त्या रुंदीत ते ९११ वर मिळत राहिलं.

आता विषय असा आहे की त्या गाड्या पन्नाशीच्या पुढे गेल्या. कुणाच्या चाकाला तडा गेलाय, कुणाच्या रिमला आऊट आलाय, कुणाला मागे रुंद टायर बसवायचाय. मग शोध सुरू होतो. काही मापांत मूळ कंपनी आजही ही चाकं बनवते, पण ती स्वस्त नाहीत. जुनी मूळ चाकं मिळतात, फक्त त्यांनी पन्नास वर्षांत काय सोसलंय ते कळत नाही. राहिला तिसरा रस्ता, म्हणजे तशीच दिसणारी चाकं दुसऱ्या कुणाकडून बनवून घेणं. फोटोत दोन्ही सारखीच दिसतात. फरक असतो तो फोटोत न दिसणाऱ्या गोष्टींत.

पहिली गोष्ट धातूची. मूळ फुक्स चाक ओतीव नाही, घडीव आहे. ओतीव म्हणजे वितळलेलं ॲल्युमिनियम साच्यात ओतायचं, थंड झालं की चाक बाहेर. घडीव म्हणजे तापवलेला ठोकळा प्रचंड दाबाच्या प्रेसखाली दाबायचा आणि मग त्याची कड रोलरने पसरवून रिम काढायची. लोहाराचंच काम, फक्त हातोडा काही हजार टनांचा. दाबामुळे धातू आतून घट्ट होतो आणि ओतकामात राहू शकणारी बारीक छिद्रं राहत नाहीत. म्हणून कमी धातूत तेवढीच ताकद मिळते.

चाक हलकं असण्याचा फायदा नुसत्या वजनापुरता नाही. चाकाचं वजन स्प्रिंगच्या खाली असतं. खड्डा आला की सस्पेन्शनला ते वजन वर-खाली सांभाळावं लागतं. ते जितकं कमी, तितका टायर रस्त्याला धरून राहतो.

स्वस्तातली बरीच नक्कल ओतीव असते. ओतीव चाक वाईटच असतं असं अजिबात नाही, आपल्या रोजच्या गाड्यांची बहुतेक अलॉय चाकं ओतीवच असतात. पण तेवढ्याच ताकदीसाठी त्यात जास्त धातू घालावा लागतो. बारीक पाकळ्या ठेवून वजनही मूळ चाकाइतकंच आहे असं कुणी सांगत असेल, तर धातू कमी करून ताकद कुठून आणली, हे विचारा. घडीव ठोकळ्यातून सीएनसी मशीनवर कोरलेलं चाक हा महाग पण चांगला मार्ग. दोन्हीत उष्णता प्रक्रिया झालीय का, तेही विचारा. तडा गेलेल्या जुन्या चाकाला वेल्डिंग करू नये ते याचसाठी. वेल्डिंगच्या उष्णतेने तिथली ती प्रक्रियाच निघून जाते.

दुसरी गोष्ट मापांची, आणि माझ्या मते पैसे सगळ्यात जास्त इथेच वाया जातात. ९११ च्या चाकाला पाच बोल्ट, १३० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर. हे जुळलं की विकणारा म्हणतो, 'बसतं साहेब.' बोल्ट आधीच्या पिढ्यांच्या फोक्सवागन टूआरेगचेही असेच १३० वर होते, म्हणून त्या एसयूव्हीचं चाक ९११ ला चालत नाही.

खरा खेळ ऑफसेटचा. चाक हबला जिथे टेकतं ती बाजू रिमच्या मध्यरेषेपासून किती मिलिमीटरवर आहे, तो ऑफसेट. मूळ ६ इंची फुक्सचा ऑफसेट ३६, ७ इंचीचा २३.३, ८ इंचीचा १०.६. आकडे विचित्र वाटतात ना? आता कॅल्क्युलेटर काढा. ६ इंच म्हणजे १५२.४ मिलिमीटर, त्याचे निम्मे ७६.२, त्यात ३६ मिळवा. ११२.२ आले. ७ इंचीचं करा, ८८.९ अधिक २३.३, पुन्हा ११२.२. ८ इंचीचंही तेच.

म्हणजे पोर्शेने आतली कड जागेवरच ठेवली आणि सगळी वाढ बाहेर नेली, कारण आत सस्पेन्शन आहे, जागा नाही. आता कुणी ७ इंची चाक ३६ च्या ऑफसेटने बनवून दिलं, तर आतली कड १२.७ मिलिमीटर आणखी आत जाईल. बाहेरून गाडी झकास दिसेल आणि टायर आत घासेल. उलट, बाहेर वाढवलं तर मडगार्डला जागा हवी. १९७३ च्या कॅरेरा आरएसला मागे ७ इंची चाकं दिली, तेव्हा पोर्शेने मागची मडगार्डंही रुंद केली होती.

तिसरी गोष्ट छोटी आहे, पण जीवघेणी. पोर्शेचे नट जिथे बसतात ती जागा गोलाकार असते, वाटीसारखी. बाजारातल्या अनेक चाकांना ती शंकूसारखी असते. गोल नट शंकूत लावला तर स्पर्श फक्त एका बारीक रेषेवर होतो. पाना घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि नट हळूहळू सैल होतो. ऑर्डर देताना हे लिहूनच घ्यायचं. नट १३० न्यूटन मीटरवर टॉर्क पान्यानेच आवळायचे आणि थोडं चालवून पुन्हा तपासायचे.

मग कागदपत्रं. चाकावर किती किलो भार चालतो, हे त्यावर कोरलेलं हवं. मागच्या एक्सलला परवानगी असलेलं वजन भागिले दोन, त्यापेक्षा हा आकडा कमी नको. ९११ चं इंजिन मागे असतं, हे विसरू नका. वळणाचा थकवा, सरळ भाराचा थकवा आणि आघात अशा तीन चाचण्यांचे अहवाल मागा. जपानी 'जेडब्ल्यूएल' शिक्का पाहून हुरळून जाऊ नका. तो कारखाना स्वतःच्या जबाबदारीवर लावतो, बाहेरच्या संस्थेने तपासलं असेल तर सोबत 'व्हीआयए' असतं. जर्मनीत अशा चाकांना मान्यतेचा कागद लागतो, नाहीतर तपासणीला गाडी अडते.

आणि नकलेवर फुक्सचा शिक्का किंवा पोर्शेचा पार्ट नंबर कोरलेला दिसला, तर तिथूनच परत फिरा. जो शिक्क्यात खोटं बोलतो, त्याच्या चाचणी अहवालावर विश्वास कसा ठेवणार?

एवढं जुळलं, तरी चारही चाकं एकदम मागवू नका. आधी ड्रॉइंग मागवून प्रत्येक माप स्वतः पडताळा, मग पुढचं एक आणि मागचं एक चाक घ्या. टायरसकट बसवा, स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवा, मागे दोन माणसं बसवून गाडी दाबून बघा आणि कॅलिपर आणि चाक यांच्यातून बोट फिरवा. कुठेच घासलं नाही, तर उरलेल्या दोन चाकांचे पैसे पाठवा.