पीसी गेला, लॉक राहिला

आजच्या भागाचं हे शब्दांकन.

एका पतसंस्थेत होतो तेव्हाची गोष्ट. काउंटर तीनची लाइट गेली, पीसी बंद. यूपीएसची बॅटरी कधीच संपलेली. समोर एक आजी, दवाखान्यात भरायला पैसे काढायला आलेल्या. शेजारच्या काउंटरवरून त्यांचं खातं उघडायला गेलो, तर स्क्रीन नुसती फिरतेय. कुणीतरी म्हणालं, "सर्व्हर रिस्टार्ट करा ना!" केला असता, तर बाकी काउंटरवरचे अर्धे झालेले व्यवहारही गेले असते.

मग झालं काय होतं? खातं उघडताच आमचं अ‍ॅप त्या रेकॉर्डवर लॉक घ्यायचं. डेटाबेस पोस्टग्रेस. त्यात असा लॉक ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत, म्हणजे कमिट किंवा रोलबॅक होईपर्यंत राहतो. नुसतं अ‍ॅप क्रॅश झालं, तर ऑपरेटिंग सिस्टीम कनेक्शन बंद करते, सर्व्हरला ते कळतं आणि लॉक सुटतो. पण वीजच गेली, तर "मी निघालो" असं सांगायला कुणी उरत नाही. सर्व्हरला वाटतं, समोरचा गप्प बसलाय. लिनक्सच्या मूळ सेटिंगमध्ये टीसीपी कीपअलाइव्ह पहिली विचारपूस करतं ७२०० सेकंदांनी. म्हणजे दोन तास! आजींनी तोवर थांबायचं?

अशा वेळी आधी लॉकचा मालक शोधा. पीजी_ब्लॉकिंग_पिड्स हे फंक्शन कोणती प्रोसेस अडवतेय ते सांगतं. पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटीमध्ये तिचा आयपी पत्ता आणि स्थिती बघा. 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' दिसलं आणि पत्ता बंद पडलेल्या पीसीचाच असला, की पीजी_टर्मिनेट_बॅकएंडने तेवढंच सेशन संपवा. किल मायनस नाइन मात्र नको. त्याने पोस्टग्रेस सगळीच सेशन्स तोडतं आणि रिकव्हरीला बसतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लॉक सुटला म्हणून लगेच नोंद पुन्हा करू नका. कमिट झालं नसेल, तर सगळं आपोआप मागे फिरतं. पण कमिट होऊन फक्त उत्तर पोचायचं राहिलं असेल, तर? पैसे दोनदा वजा होतील. म्हणून आधी खात्यातली शेवटची नोंद बघा. आम्ही बघितली, नोंद नव्हती. मगच आजींना पैसे दिले.

पुन्हा असं होऊ नये म्हणून आम्ही कीपअलाइव्हची वेळ ६० सेकंदांवर आणली. पण कीपअलाइव्ह बंद पडलेला पीसी पकडतं, फॉर्म उघडा ठेवून चहाला गेलेला कारकून नाही. त्याच्यासाठी आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट. आणि लॉक_टाइमआउट लावला, की स्क्रीन फिरत न बसता सरळ एरर येते.

एक सावधगिरी. काही अ‍ॅप्स टेबलातच 'लॉक कोणी केला' असा कॉलम ठेवतात. डेटाबेसच्या दृष्टीने तो साधा डेटा. सर्व्हर दहादा रिस्टार्ट करा, जाणार नाही! तिथे नावासोबत मुदतही लिहा आणि काम चालू असेपर्यंत ती वाढवत राहा. मुदत संपली, की लॉक दुसऱ्याला मिळाला पाहिजे.

थोडक्यात, लॉक घेणारा गेला, की त्याचा लॉकही जायला हवा. तुमच्या सिस्टीममध्ये तो किती वेळाने जातो? आजच एका टेस्ट मशीनची केबल काढून बघा. भेटू पुढच्या भागात!