बुरशीला कामाला लावणारी साखर

शेतीशी संबंध असलेल्या वाचकांना ट्रायकोडर्मा हे नाव नवीन नाही. त्याच कुळातली ट्रायकोडर्मा रीसी ही बुरशी मी बडोद्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवताना वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना दाखवली. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचं सुती कापड कुजू लागलं, तिथून ही मिळाली. ती सेल्युलेज नावाची एन्झाइम बाहेर सोडते आणि काडीकचऱ्यातल्या सेल्युलोजचं ग्लुकोज करून खाते.

गंमत अशी, की ग्लुकोज आयतं दिलं तर ती सेल्युलेज बनवतच नाही. रोज डबा येत असेल तर चूल कोण पेटवणार? पण अमेरिकेत नॅटिकच्या सैनिकी प्रयोगशाळेत मेरी मँडेल्स आणि एलविन रीस यांना उलटंच दिसलं. बाजारातल्या ग्लुकोजवर थोडं सेल्युलेज तयार होत होतं, शुद्ध केलेल्या ग्लुकोजवर मात्र नाही. म्हणजे करामत भेसळीची! ती भेसळ म्हणजे सोफोरोज, दोन ग्लुकोज जोडून झालेली साखर, हे त्यांनी 1962 मध्ये दाखवलं. अगदी किंचित सोफोरोज मिळालं तरी बुरशीला वाटतं, जवळपास सेल्युलोज आहे. आणि ती कामाला लागते. अशा रसायनाला प्रेरक म्हणतात.

सोफोरोज फार महाग. लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, तितकी जोरकस नाही, पण स्वस्त. पनीर-चीज केल्यावर उरणाऱ्या पाण्यात ती भरपूर असते. जंगलात कुजक्या लाकडावर वाढणाऱ्या बुरशीला दूध कुठून भेटणार? तरी ती लॅक्टोजला प्रतिसाद देते. मला याचं अजून नवल वाटतं.

पादऱ्याकडे कपाशी करणारा माझा भाचा विचारतो, "मामा, मग आम्ही पऱ्हाट्या जाळायच्या कशाला?" प्रश्न रास्त आहे. पानिपतला 2022 पासून भाताच्या पेंढ्याचं इथेनॉल करणारा कारखाना आहे, तंत्रज्ञान पुण्याच्या प्राजचं. पण अशा कारखान्यात एन्झाइमचा खर्च मोठा असतो, म्हणून तर प्रेरकांचा एवढा खटाटोप. शिवाय पऱ्हाटी पेंढ्यापेक्षा लाकडासारखी कठीण. आधी तिचं लिग्निन मोकळं करावं लागतं, आणि त्या कामात सेल्युलेजचा उपयोग नाही. तोवर पऱ्हाट्यांचा भुगा करून शेणासोबत खड्ड्यात कुजवायला मी त्याला सांगितलंय. यंदा अर्ध्या शेतावर करतोय म्हणाला.