परिचारिका कशी शिकते?

परिचारिकेला जे शिकावयाचे असते, त्यातील बराचसा भाग केवळ ग्रंथवाचनाने हस्तगत होत नाही. नाडी पाहणे, जखम बांधणे, इंजेक्शन देणे या गोष्टी ऐकून समजतात. पण ऐकून साधत नाहीत. शिवाय येथे चूक झाली तर तिचे फळ शिकणारीला नव्हे, तर रुग्णाला भोगावे लागते. म्हणूनच मनुष्य कसा शिकतो, या प्रश्नाला शुश्रूषाशिक्षणात विशेष महत्त्व आहे. मानसशास्त्रज्ञांनी त्याची निरनिराळी उत्तरे दिली आहेत. ती एका उदाहरणावरून पाहू.

एका रुग्णाला ५०० मिलिलिटर सलाइन ४ तासांत द्यावयाचे आहे. नळीतून पडणाऱ्या २० थेंबांचा १ मिलिलिटर होतो. तेव्हा १०,००० थेंब २४० मिनिटांत, म्हणजे मिनिटास सुमारे ४२ थेंब पडले पाहिजेत.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांनी १८९८ साली मांजरांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. ज्या कृतीचा परिणाम समाधानकारक होतो ती दृढ होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. या दृष्टीने शिक्षिकेने कामाचे लहान लहान टप्पे पाडावेत, प्रत्येकाचा सराव करून घ्यावा आणि बरोबर काय, चूक काय, ते तेथल्या तेथे सांगावे. थेंब मोजण्याचे कौशल्य असेच अंगवळणी पडते.

परंतु थेंब मोजता आले म्हणजे काम संपले असे नाही. नवे ज्ञान पूर्वज्ञानाशी जोडले गेले तरच ते अर्थपूर्ण होते, हा ऑसुबेल यांचा सिद्धान्त होय. दुर्बल हृदयाच्या रुग्णाला द्रव वेगाने दिल्यास तो फुफ्फुसांत साचू शकतो. रक्ताभिसरणाच्या पाठाशी हे जोडून घेतलेली विद्यार्थिनी थेंबांबरोबर रुग्णाच्या श्वासाकडेही लक्ष देते.

तिसरे उत्तर बांडुरा यांचे. मनुष्य दुसऱ्याचे पाहून शिकतो, हे त्यांनी दाखवून दिले. वर्गात हात धुण्यावर कितीही व्याख्याने झाली, तरी वॉर्डातील ज्येष्ठ सिस्टर हात न धुता रुग्णाला स्पर्श करीत असेल, तर विद्यार्थिनी तेच उचलण्याचा संभव असतो.

या सर्व शिक्षणाला काळ लागतो. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नवशिकेपणापासून नैपुण्यापर्यंत पाच पायऱ्या वर्णिल्या आहेत. नवशिकी नियमाच्या आधाराने चालते; निपुण परिचारिका रुग्णाची एकंदर स्थिती दृष्टिक्षेपात ओळखते. पहिलीकडून दुसरीच्या निर्णयाची अपेक्षा करणे अन्यायाचे आणि धोक्याचेही आहे. म्हणून प्रथम पुतळ्यावर सराव, मग देखरेखीखाली रुग्णसेवा आणि त्यानंतर केलेल्या कामाचा विचार, हा क्रम हितावह ठरतो.

यांपैकी कोणतीही एक उपपत्ती पुरेशी नाही. हाताला सराव हवा, बुद्धीला अर्थ हवा आणि सवयीला चांगले उदाहरण हवे. केव्हा कशाची गरज आहे, हे ओळखणे हेच शिक्षिकेचे कौशल्य. रुग्णाची सुरक्षितता बऱ्याच अंशी त्यावर अवलंबून असते.