पेशा बदलताना सोबत काय येते?

रविवारी दुपारी आमच्या चिंचवडच्या घरी पुतण्या आणि त्याचे चार मित्र जेवणाच्या टेबलाभोवती बसतात. समोर कागद, पेन्सिली आणि वीस बाजूंचा फासा. पैसा लागत नाही, हे आधीच सांगून टाकतो; फासा पाहून आमच्या मातोश्रींच्या कपाळावरही आठी पडली होती.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा तो खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. एक जण कथा चालवितो, बाकीचे त्यातील योद्धा, जादूगार अशी पात्रे होतात आणि अनुभवाने पातळ्या चढतात. मी त्यात गुंतलो तो पेशा बदलण्याच्या नियमामुळे.

१९७८ च्या पुस्तकात मनुष्यपात्रासाठी हा नियम कठोर होता. गुणांचा आकडा सहसा ३ ते १८. त्यात जुन्या पेशाच्या मुख्य गुणात किमान १५ आणि नव्याच्या १७ हवेत. पुन्हा पहिल्या पातळीपासून आरंभ. नवी पातळी जुनीच्या पुढे जाण्याआधी जुनी विद्या वापरली, तर त्या मोहिमेचा अनुभव जमाच होत नसे.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीने हे सैल केले. दोन्ही पेशांच्या मुख्य गुणात १३ पुरतात. पाच पातळ्या चढलेला योद्धा जादूगार झाला, तर मंत्र पहिल्या पातळीचेच मिळतात. मात्र प्रावीण्याची भर एकूण सहा पातळ्यांवर मोजतात. म्हणून ती ३ राहते, नवख्याची २ होत नाही. उलट जादूगार योद्धा झाला, तर ढाल आणि मध्यम चिलखत वापरता येते. जड चिलखताचे प्रावीण्य त्यासोबत येत नाही.

पुतण्याने चाकणच्या एका कारखान्यात चार वर्षे मालाची तपासणी केली. दिवाळीपासून तो आमच्या भोसरीच्या बेअरिंगच्या दुकानात बसतो. “कारखान्याच्या गोष्टी इथे नकोत,” असे मी पहिल्याच आठवड्यात बजावले. म्हणजे मी १९७८ चाच नियम लावला! पुढे एका खोक्यातील बेअरिंग मोजून तो म्हणाला, “काका, माप बरोबर नाही.” माल देणारा जुना, म्हणून मी त्याला गप्प केले. तो माल परत आला आणि एकवीस वर्षांचे गिऱ्हाईक गेले.

त्या रात्री तो एवढेच म्हणाला, “उधारी कोणाला किती द्यावी, हे मला अजून कळत नाही, काका. पण मोजता तर येते ना?”

आता त्याच्या मायक्रोमीटरखालून गेल्याविना माल फळीवर चढत नाही. गेल्या आठवड्यात त्याने उधारीची वही मागितली. “ते जड चिलखत,” मी म्हणालो. तो हसला. वही अद्याप माझ्याच गादीखाली आहे.