परड्यातल्या खोलीत लाईट नेताना

बेळगावातल्या जुन्या घरांना अजून परडं शिल्लक आहे. पूर्वी तिथे जळणाची खोप असायची, आता कुणी झोपाळ्याचा मांडव घालतं, कुणी पत्र्याची शेड, कुणी अभ्यासाची खोली. बांधकाम महिनाभर चालतं. लाईट मात्र एका दुपारी ‘ओढून घेतली’ जाते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड बाहेर येतो, वायर पेरूच्या फांदीवरून जाते आणि पहिल्या पावसापर्यंत सगळं ठीक वाटतं.

आमच्या परड्यात मामंजींसाठी कौलारू खोली बांधली. ते निवृत्त शिक्षक आहेत. संध्याकाळी पेटी शिकायला सात-आठ मुलं येतात. चपला बाहेर काढून, ओल्या पायांनी आत शिरतात. म्हणून लाईटचं काम नीट करायचं, हे आधीच ठरलं होतं. कोरडी त्वचा विजेला बऱ्यापैकी अडवते, ओली त्वचा आणि अनवाणी पाय तेवढं अडवू शकत नाहीत. आपल्याकडचा घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा, आणि बेळगावचा पाऊस तर सगळ्यांना माहीतच आहे.

आम्ही परवानाधारक वायरमन बोलावला. मुलाने वायर आंब्यावरून न्यायचं सुचवलं, तेव्हा वायरमनमामा म्हणाले, “नको वहिनी. वारं सुटलं की फांदी घासती आणि वायर सोलून निघती. जमिनीखालनंच घ्या.”

मग आर्मर्ड केबल आणली, म्हणजे आत तांब्याच्या तीन तारा आणि बाहेरून पोलादी तारांचं चिलखत. पुढे कधी परड्यात कुदळ चालली तर या चिलखताचा आधार असतो. अंतर साधारण वीस मीटर. दोन दिवे, पंखा, इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि पुढेमागे छोटा पंप धरून २.५ चौरस मिलिमीटरची केबल पुरेशी ठरली. दहा अँपिअर वीज वाहिली तरी एवढ्या अंतरात जेमतेम साडेतीन-चार व्होल्टची घट होते. अंतर किंवा भार जास्त असेल तर जाड केबल लागते. हा हिशेब आधीच करून घ्यावा.

चर मिरगाच्या आधी खणून घेतला, पाऊण मीटर खोल. भारतीय मानकात कमी दाबाच्या केबलसाठी हीच खोली सांगितली आहे. तळाला वाळू, त्यावर केबल, पुन्हा वाळू, मग विटांची ओळ आणि वर धोक्याची पिवळी पट्टी. चर बुजवण्याआधी मामंजींनी भिंतीपासूनची अंतरं मोजून नकाशा काढला आणि घराच्या कागदपत्रांच्या फाईलीत ठेवला. उद्या तिथे नारळाचं रोप लावायचं झालं तर हा कागद उपयोगी पडेल.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट निघाली अर्थिंगची. जुन्या घरांत पुष्कळदा पाण्याच्या लोखंडी नळालाच अर्थिंग जोडलेलं असे. नंतर नळ प्लास्टिकचे झाले. बोर्डावर हिरवी वायर दिसते, पण ती जमिनीपर्यंत पोचतच नाही. आमच्याकडेही मीटर लावून तपासल्यावर हेच आढळलं. म्हणून परड्यात नवा अर्थिंगचा खड्डा घेतला आणि केबलचं चिलखतही त्या अर्थिंगला जोडलं. तुमचं घर जुनं असेल आणि नळ बदलले असतील, तर परड्यात काही बांधा वा न बांधा, एवढं तरी तपासून घ्या.

आता आरसीसीबी आणि एमसीबी. अनेकांना दोन्ही एकच वाटतात. भार जास्त झाला किंवा शॉर्ट सर्किट झालं की एमसीबी पडते आणि वायर वाचते. आरसीसीबी माणसासाठी असते. फेजमधून गेलेली वीज न्यूट्रलमधून तेवढीच परत येते का, हे ती सतत पाहते. कुणाच्या अंगातून वीज जमिनीत उतरू लागली की हा हिशेब जुळत नाही आणि ती क्षणार्धात पुरवठा तोडते. अशा ठिकाणी ३० मिलिअँपिअरची घ्यावी. मात्र एकाच वेळी फेज आणि न्यूट्रल दोन्हींना हात लागला, तर तिला फरक दिसत नाही, आणि जादा भारही तिला कळत नाही. म्हणून दोन्ही हव्यात. परड्यासाठी आम्ही घरातल्या मुख्य बोर्डावरच वेगळी जोडी बसवली. त्यामुळे जमिनीखालची केबलही तिच्या राखणीत आली, आणि परड्यातला दोष घरभर अंधार करत नाही.

खोलीत फेज व न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा मेन स्विच आहे. सॉकेट आतल्या भिंतीवर, मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर बसवले. दारावरचा दिवा आयपी ६५ दर्जाचा आहे. त्यात धूळ शिरत नाही आणि पावसाच्या झोतानेही पाणी आत जात नाही. केबल भिंतीतून घेताना पाइपला बाहेरच्या बाजूला उतार दिला, म्हणजे पाणी पाइपातून आत येण्याऐवजी बाहेर गळतं.

या कामाचा निम्म्याहून जास्त खर्च मातीखाली गेला. पाहुण्यांना दाखवण्यासारखं त्यात काही नाही. सासूबाईंनी आधी कुरकुर केली, “एवढ्यात तर दोन पंखे आले असते!” पण श्रावणातल्या धो-धो पावसात मुलं दिव्याखाली बसून अलंकार वाजवू लागली, तेव्हा त्याच म्हणाल्या, “आता पोरांच्या पायांकडे बघत बसायला नको.”

आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबायचं, पुरवठा तुटला पाहिजे. तुटला नाही तर वायरमनला बोलावून तपासेपर्यंत तिथली लाईट वापरायची नाही. आमच्याकडे संकष्टीला चंद्रोदयाची वाट बघताना मामंजी स्वतः बटण दाबतात, त्यामुळे महिना चुकत नाही. तुम्हीही तुमच्या घरचा एखादा दिवस ठरवून टाका.